दाताचा एक्स-रे : भीती कोणी बाळगावी?

गेल्या पावसाळ्यात माझी उजवीकडची खालची दाढ दुखू लागली. पहिले चार दिवस लवंग, पुढचे चार दिवस लवंगेचे तेल आणि मधूनमधून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, असे सर्व घरगुती उपाय यथासांग पार पडले. नवव्या दिवशी गाल सुजला, तेव्हा मुकाट्याने दंतवैद्याकडे गेलो. डॉक्टरांनी छोट्या आरशाने दाढ पाहिली, हातातल्या हत्याराच्या दांड्याने तिच्यावर हलकेच ठोकले, आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो हे पाहून म्हणाले, "फोटो काढावा लागेल."

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. क्ष-किरणांचे प्रकरण मी दरवर्षी फळ्यावर सोडवतो. तरीही त्या खुर्चीत माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "डॉक्टर, फोटो काढलाच पाहिजे का? औषधावर नाही भागायचं?" यंत्राच्या नळीचे तोंड गालाला टेकलेले, मेंदू तिथून चार बोटांवर, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्याहून खाली वीतभर! पुस्तकातले ज्ञान अशा वेळी पुस्तकातच राहते.

डॉक्टर नुसते हसले. त्यांच्या मदतनीस मुलीने काडेपेटीहून थोडी लहान अशी फिल्म माझ्या तोंडात सरकवली, ती दाढेच्या आतल्या अंगाला लावली आणि आपल्या बोटाने दाबून धरली. डॉक्टर बटण घेऊन दाराबाहेर गेले. टिक असा आवाज झाला. माझ्या जबड्याच्या वाट्याला किती मिलिसिव्हर्ट आले असतील, याचा हिशेब मी मनातल्या मनात करीत होतो. ते बोट कोणाचे आहे, याचा विचार माझ्या मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सत्राचा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी दाराशी थांबली. "सर, काल तुम्ही मला ओळखलं नाही." तोंडावर मास्क होता म्हणून ओळखले नाही, अशी सबब मी सांगितली. ती खरीच होती. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर दवाखाना असे ती करते. तिची फी त्यातूनच भरली जाते. मग ती म्हणाली, "दिवसाला आठ-दहा फोटो होतात. सगळ्यांची फिल्म मीच धरते. दीड वर्ष झालं. त्यानं काय होत नाही न्हवं, सर?"

मी "बघून सांगतो" म्हणालो. स्वतःच्या एका फोटोला घाबरणाऱ्या प्राध्यापकाला त्या क्षणी दुसरे काही सुचले नाही. पुढे तिला जे सांगितले तेच तिच्या संमतीने येथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या कॉलेजातील बरीच मुले-मुली शिकता शिकता दवाखान्यांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, औषधांच्या दुकानांत काम करतात.

दिवा मालवला की उजेड संपतो

प्रथम एक मोठा गैरसमज दूर करू. एक्स-रेचे यंत्र किरणोत्सारी नसते. त्यात रेडियम नसते, युरेनियम नसते. त्यात असते एक निर्वात नळी. तिच्या एका टोकाला तापलेली टंगस्टनची तार असते. तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. दुसऱ्या टोकाला तांब्यात बसवलेला टंगस्टनचाच लहानसा तुकडा असतो. दोहोंमध्ये साधारण ६० ते ७० हजार व्होल्टचा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने त्या तुकड्यावर आदळतात. त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के ऊर्जेची नुसती उष्णता होते. उरलेल्या एखाद्या टक्क्याचे क्ष-किरण होतात.

विद्युतदाब बंद झाला की इलेक्ट्रॉन थांबतात आणि क्ष-किरणही त्याच क्षणी थांबतात. दिवा मालवल्यावर खोलीच्या कोपऱ्यात उजेड शिल्लक राहात नाही, तसेच हे. फोटो काढलेला मनुष्य घरी जाऊन लेकराला उचलून घेतो, तेव्हा त्याच्या अंगातून काहीही बाहेर पडत नसते. खोलीची हवा, खुर्ची, तोंडातली लाळ यांपैकी काहीही किरणोत्सारी होत नाही. "फोटो काढलाय, आज बाळाला जवळ घेऊ नको" असा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे अवश्य सांगावे.

आता फोटो उमटतो कसा? क्ष-किरण पदार्थातून जाताना काही शोषले जातात. या ऊर्जेच्या किरणांचे शोषण अणुक्रमांकाबरोबर फार झपाट्याने, जवळजवळ त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गाल आणि हिरड्या प्रामुख्याने हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या बनलेल्या. त्यांचे अणुक्रमांक १, ६ आणि ८. दातात कॅल्शियम असते. त्याचा अणुक्रमांक २०. म्हणून गालातून किरण सहज पार होतात आणि दातात अडतात. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, फोटोत सर्वांत पांढरे दिसते. आतले डेंटिन करडे आणि मधली नसांची पोकळी काळसर. कीड लागली की तेथले कॅल्शियम झिजते आणि पांढऱ्यात काळा डाग उमटतो. चांदी भरलेली दाढ तर चुन्यासारखी पांढरी दिसते. माझ्या दाढेच्या मुळाच्या टोकाशी एक काळे वर्तुळ होते. तेथे पू साचून हाड विरघळले होते. आरशाने ते कधीच दिसले नसते, आणि नुसत्या गोळ्यांवर ठेवले असते तर पू आणखी पसरला असता.

पंचवीस मिनिटांपासून अर्ध्या सेकंदापर्यंत

विल्हेल्म राँटजेन यांना जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. वर्ष संपता संपता त्यांनी शोधनिबंध दिला. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, आणि शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. यातले बरेच आपणांस पाठ आहे. जानेवारी १८९६ मध्ये, म्हणजे बातमी फुटल्यावर दोन-तीन आठवड्यांतच, ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढवून घेतला, हे मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसते. काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळलेली काचेची पट्टी तोंडात धरून ते पंचवीस मिनिटे निश्चल पडून राहिले. आज तेच काम फिल्मवर अर्ध्या सेकंदाच्या आत होते आणि संगणकाला जोडलेल्या सेन्सरवर त्याहूनही कमी वेळात.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे एडमंड केल्स नावाचे एक नामांकित दंतवैद्य होते. त्यांनीही १८९६ पासूनच दातांचे एक्स-रे काढण्यास सुरुवात केली. त्या काळच्या नळ्या लहरी असत. एकीचा किरण तीव्र, तर दुसरीचा मंद. नळी नीट जुळली आहे की नाही हे पाहण्यासाठी केल्स प्रत्येक वेळी आपला स्वतःचा हात किरणांसमोर धरीत आणि चमकणाऱ्या पडद्यावर त्याची हाडे स्पष्ट दिसतात का हे पाहात. रुग्णाच्या वाट्याला किरण येत ते एकदा. केल्स यांच्या हाताच्या वाट्याला ते रोज येत, तेही वर्षानुवर्षे. हाताला कर्करोग झाला. आधी बोटे गेली, मग हात गेला, मग दंड. १९२८ साली त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

याची कल्पना कोणालाच नव्हती, असे नाही. बॉस्टनमधील विल्यम रोलिन्स हेही दंतवैद्यच. १९०१ साली त्यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवून दिले की हे किरण प्राणी मारू शकतात. नळीभोवती शिशाचे आवरण घाला, शलाका हवी तेवढीच बाहेर येऊ द्या, डोळ्यांवर शिसेयुक्त काचेचा चष्मा लावा आणि रुग्णाचा बाकीचा भाग झाका, असे ते सांगत राहिले. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली हे सहायक याच कामापायी १९०४ साली मरण पावले आणि खुद्द एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम सोडून दिले. या कथांत एक गोष्ट समान आहे. ज्यांचे बळी गेले ते रोज नळीपाशी उभे राहून काम करणारे लोक होते.

किती म्हणजे किती?

प्रारण मोजण्याची दोन मापे आपल्याला लागतील. शरीराच्या एखाद्या भागाने दर किलोग्रॅममागे किती ऊर्जा शोषली, ते 'ग्रे' या एककात सांगतात. एका किलोग्रॅममध्ये एक जूल ऊर्जा शोषली गेली की तो एक ग्रे झाला. पण बोटाने शोषलेला एक ग्रे आणि अस्थिमज्जेने शोषलेला एक ग्रे यांचा धोका सारखा नसतो. म्हणून वेगवेगळ्या अवयवांचा नाजूकपणा लक्षात घेऊन सगळ्या शरीराचा मिळून एक आकडा काढतात. तो 'सिव्हर्ट'मध्ये देतात. रोजच्या व्यवहारात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसिव्हर्ट, वापरला जातो.

आपण एक्स-रे काढला नाही तरी प्रारण आपल्या अंगावर येतच असते. अवकाशातून विश्वकिरण येतात. जमिनीत युरेनियम आणि थोरियम यांचे अंश असतात. हवेत रॅडॉन वायू असतो. नैसर्गिक प्रारणापैकी सुमारे निम्मा वाटा एकट्या त्याचा आहे. आपल्या रक्तामांसातल्या पोटॅशियमचाही त्यात थोडा भाग असतो. जागतिक सरासरी पाहिली तर माणसाला या सर्वांतून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. हे प्रमाण जागेनुसार बदलते. काळ्या बेसाल्टच्या प्रदेशात जमिनीतून येणारे प्रारण कमी, ग्रॅनाइटच्या प्रदेशात अधिक. केरळमधील कोल्लम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची थोरियमयुक्त वाळू आहे. तेथे काही ठिकाणी ते सरासरीच्या कित्येक पट भरते, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक तेथे राहतात.

२.४ ला ३६५ ने भागले की दिवसाला सुमारे ०.००६६ मिलिसिव्हर्ट येतात. एका दाढेच्या छोट्या एक्स-रेतून रुग्णाला मिळणारी मात्रा साधारणपणे ०.००५ मिलिसिव्हर्टच्या आसपास असते. म्हणजे ज्या फोटोला मी इतका घाबरलो, त्यातून मला एका दिवसाच्या नैसर्गिक प्रारणाहूनही कमी मिळाले. तोंडाभोवती फिरणाऱ्या यंत्राने दोन्ही जबड्यांचा जो लांबट फोटो काढतात, त्यात दोन ते चार दिवसांइतके. दातांच्या शंकूकार शलाकेच्या सी.टी.मध्ये मात्र मात्रा बरीच वाढते. छोट्या फोटोच्या ती काही पटींपासून शंभर पटींपर्यंतही जाऊ शकते. पोटाच्या सी.टी.मध्ये तर ८ ते १० मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन-चार वर्षांचे नैसर्गिक प्रारण एकदम मिळते. 'एक्स-रे' या एकाच शब्दाखाली इतका फरक दडलेला असतो. म्हणून नुसते "एक्स-रे वाईट" किंवा "एक्स-रेने काही होत नाही" ही दोन्ही वाक्ये निरर्थक आहेत.

अपाय होतो तो कसा? क्ष-किरण पेशीतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. त्यामुळे कधी प्रत्यक्ष तर कधी पेशीतल्या पाण्याच्या तुटलेल्या रेणूंमार्फत डी.एन.ए.ला इजा पोहोचते. पेशी बहुतेक इजा दुरुस्त करते. मात्रा फार मोठी असेल तर पेशी मरतात. त्वचा लाल होते, केस गळतात. यासाठी एका वेळी साधारण दोन ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा लागते. दाताच्या फोटोत ती कधीच येत नाही. लहान मात्रेत प्रश्न असतो तो चुकीच्या दुरुस्तीचा. अशा एखाद्या चुकीतून वर्षांनंतर कर्करोग उद्भवण्याची शक्यता किंचित वाढते. अगदी लहान मात्रेत ही वाढ प्रत्यक्ष मोजता येत नाही. तरी मात्रा आणि धोका सरळ प्रमाणात आहेत असे धरून चालावे, हा सावधपणाचा नियम जगभर पाळला जातो.

मग बोटाचे काय?

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. मला मिळालेले ०.००५ मिलिसिव्हर्ट म्हणजे सगळ्या शरीराचा मिळून काढलेला आकडा. पण ज्या जागेवर शलाका प्रत्यक्ष पडते, तेथल्या त्वचेला फिल्मवरील एका फोटोत एक मिलिग्रेच्या आसपास मात्रा मिळते. तिचे बोट त्याच शलाकेत होते. फिल्मच्या पाकिटात मागच्या बाजूला शिशाचा पातळ पत्रा असतो. त्यामुळे बोटाचे टोक काहीसे आडोशाला होते. माझा गाल आणि दाढ यांनीही काही किरण अडवले असतील. म्हणून तिच्या बोटाला त्याचा फक्त दहावा भाग मिळतो असे समजू. हे गृहीत माझे आहे आणि ते तिच्या बाजूचे, म्हणजे सौम्य आहे. दिवसाला १० फोटो, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ३,००० फोटो. प्रत्येकी ०.१ मिलिग्रे धरले तर वर्षाला ३०० मिलिग्रे. क्ष-किरणांच्या बाबतीत त्वचेसाठी तेच ३०० मिलिसिव्हर्ट.

प्रारणाशी ज्यांचे काम आहे अशा प्रशिक्षित लोकांसाठी हातांची मर्यादा वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट ठरवलेली आहे. ज्या मुलीला या विषयाचे कसलेही शिक्षण दिलेले नाही, जिच्या मात्रेची कोठेही नोंद नाही, ती माझ्या सौम्य हिशेबानेही त्या मर्यादेच्या निम्म्यापुढे जाते. आणि हे सर्व विनाकारण! कारण फिल्म तिने धरण्याची गरजच नसते.

तिला मी हे आकडे दाखवले आणि स्पष्टच सांगितले : "दीड वर्षात तुझ्या बोटाला काही झालेलं नाही. घाबरू नको. पण हे असंच दहा-वीस वर्षं चालू देण्यासारखं नाही, आणि उद्याही करण्यासारखं नाही." ती म्हणाली, "मी कसं सांगू, सर? उद्यापासून येऊ नको म्हटलं तर?" यावर भौतिकशास्त्रात उत्तर नव्हते.

वेळ, अंतर, आडोसा

प्रारणापासून संरक्षणाची सारी विद्या तीन शब्दांत सांगता येते.

पहिला शब्द वेळ. जितका वेळ कमी तितकी मात्रा कमी. जलद फिल्म किंवा सेन्सर वापरला की वेळ घटतो. पण सर्वांत मोठी बचत फोटो पहिल्याच वेळी नीट येण्यात आहे. फिल्म हलली, धुताना बिघडली की दुसरा फोटो काढावा लागतो आणि मात्रा दुप्पट होते.

दुसरा शब्द अंतर. प्रयोगशाळेत दिवा आणि फोटोसेल घेऊन आपण सर्वांनी व्यस्त वर्गाचा नियम पडताळून पाहिला आहे. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाई. फोटो काढताना रुग्णाच्या चेहऱ्यावरून काही किरण चहूकडे विखुरतात. चेहऱ्यापासून एक फुटावर उभे राहणारा मनुष्य सहा फुटांवर गेला, तर त्याच्या वाट्याला छत्तिसावा भाग येतो. यासाठी यंत्राचे बटण लांब वायरीवर असते. शिवाय शलाकेच्या सरळ रेषेत कधीही उभे राहू नये. बाजूला किंवा नळीच्या किंचित मागे राहावे. चार पावले मागे सरकायला पैसे पडत नाहीत.

तिसरा शब्द आडोसा. नळीभोवती शिसे असते. शलाकेतले दुबळे, फोटोच्या कामी न येणारे किरण ॲल्युमिनियमच्या पातळ चकतीने गाळले जातात. शलाकेचा आकारही महत्त्वाचा आहे. फिल्मचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस सेंटिमीटर. गोल तोंडाच्या नळीतून ७ सेंटिमीटर व्यासाची शलाका आली तर तिचे क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे दोन तृतीयांश किरण फुकट चेहऱ्यावर जातात. नळीच्या तोंडाला आयताकृती झडप बसवली की ही उधळपट्टी बरीचशी थांबते.

आणि शिशाचा एप्रन? अनेक वर्षे तो रुग्णाच्या छातीवर घालण्याची पद्धत होती. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ साली शिफारस केली की दातांच्या फोटोसाठी एप्रन आणि गळ्याभोवतीचा शिशाचा पट्टा यांची आता गरज नाही. आधुनिक यंत्रांची शलाका नेमकी असते, मात्रा अल्प असते आणि पट्टा मध्ये आला तर उलट फोटो बिघडून पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडे मात्र जुनी यंत्रे आणि सैल शलाका अद्याप बऱ्याच ठिकाणी आहेत. अशा ठिकाणी, विशेषतः लहान मुलांसाठी, डॉक्टर एप्रन देत असतील तर नाकारू नये. पण एप्रन घातला म्हणजे सर्व झाले, असेही मानू नये.

या तिन्हींच्या आधी एक प्रश्न येतो : हा फोटो हवाच आहे का? आलेल्या प्रत्येकाचा, सहा महिन्यांनी पुन्हा, केवळ रिवाज म्हणून फोटो काढणे योग्य नाही. आधी तपासणी, मग गरज असल्यास फोटो. छोट्या फोटोवर काम होत असताना सी.टी. नको. मुलांच्या वाढत्या पेशी अधिक नाजूक असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट काळजीने विचारावा. गर्भवतीने डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. परंतु दाताच्या फोटोतील शलाका गर्भाशयापासून दूर असते आणि गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते. भीतीपोटी पू झालेली दाढ नऊ महिने तशीच ठेवणे आईला आणि बाळाला अधिक घातक आहे.

आपल्या देशात या सर्वांवर देखरेख करण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. लहानशा दवाखान्यातील एक्स-रे यंत्रही त्याच्या नियमांखाली येते. सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आणि प्रारणाशी काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, अशा संपूर्ण शरीराच्या मर्यादा आहेत. त्यातही कोणत्याही एका वर्षी ३० च्या पुढे जायचे नाही. अशा कामगारांच्या छातीवर जो बिल्ला लावलेला दिसतो, त्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. त्या प्रारण साठवतात आणि नंतर तापवल्या की मात्रेच्या प्रमाणात चमकतात. रुग्णाला मिळणाऱ्या प्रारणाला मात्र अशी मर्यादा नाही, कारण त्याला त्यापासून लाभ होत असतो. मदतनीस मुलीला त्या किरणांचा कसलाच लाभ नसतो, हे ध्यानात ठेवावे.

पुन्हा त्याच खुर्चीत

आठवड्याने मुळाच्या उपचारासाठी मी पुन्हा गेलो. खोलीच्या दाराशी बसलेल्या एका आजींना ती मुलगी "बायि तेगीरी, अज्जी" म्हणून तोंड उघडायला सांगत होती. माझी पाळी आली. तिने फिल्म माझ्या तोंडात ठेवली, तेव्हा मी हात वर करून म्हटले, "डॉक्टर, ही मीच धरतो. माझी दाढ, माझा फोटो, माझंच बोट असू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी तिचे नाव घेतले नाही. केल्स यांची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "शिकलोय, सर, हे सगळं. फिल्म धरायचा होल्डरसुद्धा आहे. पण गर्दीत कोण लावत बसणार, म्हणून राहून गेलं." कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी तो काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो बाहेरसुद्धा आला नव्हता. त्या दिवशीचा माझा फोटो त्यानेच निघाला. तिला दाराबाहेर आपल्या शेजारी उभे करून डॉक्टरांनी बटण दाबले.

होल्डर आता रोज वापरात आहे, असे ती सांगते. वापरात राहील का, हे गर्दीच्या दिवशी कळेल. ज्यांच्या तोंडात तो बसत नाही त्यांना ती स्वतःच्या बोटाने फिल्म धरायला शिकवते. त्यासाठी तिने एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये चार ओळी लिहून खुर्चीसमोर टांगल्या आहेत : हा फोटो कशासाठी हे डॉक्टरांना विचारा. गर्भवती असाल तर आधी सांगा. फिल्म होल्डरने किंवा स्वतःच्या बोटाने धरा. टिक असा आवाज होईपर्यंत हलू नका. मराठी ओळींतली शुद्धलेखनाची एक चूक मी दुरुस्त केली. कन्नड ओळी आमच्या कन्नड विभागाच्या प्राध्यापकांनी पाहिल्या. त्यांत त्यांना एकही चूक सापडली नाही.